सेड्युलस

नाशिकरोड,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. शेखर,

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. "आई, चष्म्याचा नंबर काढून येऊ" म्हणून तू मला घेऊन गेलास आणि दारावर पाटी निघाली मेंदूच्या डॉक्टरांची.

अनेक आशीर्वाद. थंडी पडायला लागली आहे. सूनबाई हर्षालीचा खोकला बरा असेल.

बत्तीस वर्षं मी प्रेसमध्ये छापील कागद तपासले. एक रेघ पुसट दिसली तरी ताव बाजूला. त्या बाईला तू स्मरणशक्ती तपासायला घड्याळाचं चित्र काढायला बसवलंस. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "शनिवार. हल्ली तिचं लक्ष नसतं, डॉक्टर."

मी म्हटलं, "लक्ष नसतं, पण तुमच्या फॉर्मवर तिसऱ्या ओळीची शाई पुसट आहे." त्यांनी चष्मा लावून पाहिलं. तू मोबाइलमध्ये होतास.

आठवीत सिस्टर फिलोमिनांनी माझ्या प्रगतिपुस्तकावर एकच इंग्रजी शब्द लिहिला होता, सेड्युलस. वर्गात कोणालाच अर्थ येईना. शिवी असेल या भीतीने मी लायब्ररीतली जाड डिक्शनरी काढली. अर्थ निघाला, सतत मन लावून लक्ष देणारी. मूळ लॅटिन 'से डोलो', म्हणजे कपटाशिवाय. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. शनिवारी समजलं. तू लक्ष दिलंस, शेखर. रजा टाकलीस, गाडीत पाठीला उशी ठेवलीस. पण कपटाने.

आता माझं कपट. गॅस दोनदा चालू राहिला, हे शेजारच्या लताबाईंनी तुला कळवलं. तिसऱ्यांदा राहिला, ते त्यांनाही ठाऊक नाही. गेल्या महिन्यात बिटको चौकात मला रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगता येईना. शेवटी पर्समधलं लाइट बिल दाखवलं. तुला सांगितलं, भाजीला गेले होते.

काल तू फोनवर म्हणालास, "रिपोर्ट नॉर्मल आहे, वयाचं असतं ते." फार भराभर म्हणालास. मी वहीत लिहून ठेवलंय.

शनिवार, २९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं. रिपोर्टमध्ये असेल ते सगळं, तुझ्या अक्षरात, काही न गाळता. माझं पुढे काय होणार ते मला आधी कळायला हवं, नंतर हर्षालीला आणि लताबाईंना. फोन करू नकोस. फोनवरचं माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात राहत नाही.

अजून तुला ओळखणारी,
आई