लंडन ते सोनेगाव

१४ मे १९७७, सिंदी
आज बाबांना अग्नी दिला. दिला म्हणजे मधूभाऊने दिला. परवा पो. ऑ.तून ट्रंककॉल लागला तेव्हा लंडनहून म्हणाला, "थांबजा. मुंबईले दहा तास, तिथून नागपूर दीड. उद्या पोचतो." थांबलो. वर्ध्याहून बर्फाच्या लाद्या, त्यावर भुसा, पोती. भर मे महिना. पाणी मीच उपसलं. शेजारचे रामकाका काल जीप घेऊन नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर गेले, रिकामे परतले. साहेब मुंबईला सासुरवाडीत उतरलेले. थकवा आला म्हणे. साडेचार हजार मैल उडाला, पुढचे चारशे जड गेले.

१५ मे
गावभर एकच. एवढ्या लांबून आला, लेक असावा तर असा. मडकं मी धरते म्हटलं तर पुरुषांनी मागे सारलं. बाबांचा चेहरा शेवटी ओळखू येत नव्हता. हे विसरणार नाही. फेडीन.

२ मार्च १९८४
डॉ. म्हणाले, मायला आता घरीच राहू द्या. रामकाका म्हणे मधूला तार कर. हो म्हटलं. केली नाही.

९ मार्च
शाळेत शिकवून येताना पो. ऑ.वरून आले. आत गेले नाही. ठरलंय. माय गेली की आधी स्मशान, मग तार. अग्नी मी देणार. मग उतर म्हणावं सोनेगावला, नाहीतर राहा सासुरवाडीत चार दिवस. लिहिताना बरं वाटतंय. वाटू दे.

१७ मार्च
मायचे केस विंचरताना तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, पटेल. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुह्या हातची आग मले चालते. पण त्याच्यासाठी थांबजो. बर्फावर ठेवजो मले."
बाबांचं काय झालं ते पाहिलं ना, विचारलं.
"पाह्यलं. तरी थांबजो."
रागच आला. तिचाही. सात वर्षं उठवणं-बसवणं माझ्याकडे अन् थांबायचं त्याच्या... फणी तिथेच टाकून बाहेर गेले.

२६ मार्च
पहाटे माय गेली. पो. ऑ.त जाऊन लंडनचा कॉल लावला. का लावला, माहीत नाही. दुपारी लागला. भाऊ रडत होता. "थांबजो बाई, भेटन त्या विमानानं निघतो. उद्या पोचतो." तेच वाक्य. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन ठेवला.

घरी आले तर अंगणात तिरडी बांधून तयार. रामकाकांनी न विचारता बर्फाची गाडीही आणवलेली. दोनदा येऊन गेले. "काय करायचं बाई? उतरवाच्या का लाद्या?" मडक्याला या वेळी कोणी हात लावलेला नाही. सगळे पुरुष माझ्या तोंडाकडे बघतायत.

वही घेऊन चुलीपाशी बसले आहे. मायचे केस विंचरून झाले. दारातल्या गाडीखाली पाणी साचायला लागलंय.