नव्व्याण्णव टक्क्यांचं ग्रहण

१४ एप्रिल, रविवार

प्रिय वेंडेल,

सोमवारी टेक्सासहून तुझा निरोप आला. एकच शब्द, ‘ढग’. आणि त्याखाली, ‘तुमचं?’ मी ‘दिसलं’ एवढंच कळवून फोन एप्रनच्या खिशात टाकला. आईची बोलती बंद म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तुला वाटलं असेल. तसं काही नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात मी एवढी वर्षं पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवून वाढलंय, ग्रहणानं माझी बोलती बंद व्हायची नाही. पण बाबा शेजारीच बसले होते आणि सांगायचं होतं ते त्यांच्याबद्दलच. फोनवर बोलावं तरी तीच गत. मी तुझ्याशी बोलत असले की ते पेपर तोंडासमोर धरून बसतात आणि एकही पान न उलटता सगळं ऐकतात. म्हणून हे पत्र. आज ते गुऱ्हाळातली काहील घासायला गेलेत. मेपलचा रस यंदापुरता संपला. हे काम त्यांना दुपारपर्यंत पुरेल.

आधी तुझ्या जखमेवर थोडं मीठ चोळून घेते. ‘एप्रिलात व्हरमाँटचं आभाळ मोकळं मिळणं म्हणजे बैलाकडून दुधाची आशा’ हे तूच म्हणाला होतास ना? म्हणून मित्रांबरोबर टेक्सासला गेलास. आणि इथे सोमवारी आभाळ असं होतं की आदल्या रात्री कोणीतरी धुऊन वाळत घातलं असावं. मी हसत नाहीये. बरं, थोडी हसतेय.

आपल्या गावचा ऑनलाइन कट्टा तू गेलास त्या सुमाराला सुरू झाला होता. आता गावाचं पान त्यावाचून हलत नाही. कोणाचं मांजर हरवलं, कोणाकडे अंडी जास्त झाली, रस्त्यावरची पत्रपेटी बर्फ हटवणाऱ्या गाडीनं पुन्हा पाडली, सगळं तिथे. गावात ज्याचं घर आहे त्यालाच आत घेतात, पत्ता दिल्याशिवाय दार उघडत नाही. मी रोज जेवताना बाबांना तो वाचून दाखवते. ते कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण मत मात्र प्रत्येक गोष्टीवर देतात आणि मी ते ‘ऑरिन म्हणतो’ असं लिहून टाकते. त्यामुळे बाबा कट्ट्यावर चांगलेच प्रसिद्ध आहेत.

फेब्रुवारीपासून कट्ट्यावर ग्रहणाशिवाय दुसरा विषय नव्हता. कोणीतरी नकाशा टाकला आणि भांडणाला तोंड फुटलं. पूर्ण ग्रहणाची सीमारेषा नेमकी आपल्या गावातून जात होती. दुकान, शाळा, चर्च आणि तळ्याकाठचं टटलकाकांचं गवताचं रान रेषेच्या आत. आपली टेकडी बाहेर. आपल्या वाट्याला नव्व्याण्णव टक्के. झालं, टटलकाकांना आयतं कोलीत मिळालं. त्यांनी लिहिलं, ‘माझ्या रानात मिनिटभर पूर्ण अंधार होणार आहे, सगळ्यांनी यावं. टेकडीवरच्या नव्व्याण्णववाल्यांनीही यावं, आम्ही जातपात पाळत नाही.’ बाबा सूप पिता पिता म्हणाले, ‘लिही. नव्व्याण्णव मार्क मिळाले म्हणून रडणारा पोरगा मी बघितला नाही. रॉस्को टटल काठावर पास झाला तर त्याची आई शाळेत डोनट वाटायची.’ मग वाचनालयातली प्रुडन्स मध्ये पडली. ‘ऑरिन, नव्व्याण्णव टक्के म्हणजे लग्नाला निघून चर्चच्या दारातून परत येणं.’ त्यावर बाबा म्हणाले, ‘तेवढं जमलं असतं तर गावातले निम्मे लोक आज सुखात असते.’ हे मात्र मी टाइप केलं नाही. शेवटी बोलणारा माझाच नवरा ना.

मी वाचत होते, हसत होते, पण मनात घोर होता तो वेगळाच. नाताळच्या फोनवर तू मला हळूच म्हणाला होतास, ‘आई, बाबांना निदान टटलकाकांच्या रानापर्यंत तरी ने.’ मी हो म्हटलं होतं. दहा मिनिटांची वाट, त्यात काय मोठंसं. पण तुझे वडील एकदा ‘नाही’ म्हणाले की ते ‘नाही’ पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. ‘रस चालू असेल तर मी काहील सोडणार नाही. पाक करपला तर तो चंद्र येऊन घासणार आहे का?’ काहील हे निमित्त होतं, ते मला ठाऊक होतं आणि तुलाही आहे. ओरेगनहून तू केलेला तो फोन या घरात कोणी विसरलेलं नाही. ग्रहण सुटून तासही झाला नव्हता. तुझा आवाज रडून बसला होता. वारा कसा पडला, चहूबाजूंनी सूर्यास्त कसा झाला, हे तू आपल्या बापाला सांगत होतास, आणि मीच हौसेनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. सगळं ऐकून बाबा म्हणाले, ‘म्हणजे अंधार झाला आणि मग उजाडलं. आमच्याकडे हे रोज होतं.’ जेवायला आलेली मंडळी हसली. तू फोन ठेवलास. त्यानंतर सात वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना फक्त हवामान विचारता. तुम्हा दोघांच्या मध्ये बसून मी आता हवामानखात्यात नोकरीला लागण्याइतकी तयार झालेय.

ग्रहणाबद्दल बाबांना एकच काळजी होती, आपल्या टेकडीचा रस्ता. एप्रिलातला चिखल तुला ठाऊक आहे, गाय सुद्धा विचार करून पाय टाकते. ‘शहरातले लोक फोनचं ऐकून इकडून येतील आणि रुततील. कट्ट्यावर टाक.’ तीन आठवडे मी रोज टाकत होते, ‘ऑरिन म्हणतो, टेकडीच्या रस्त्यानं कोणी येऊ नये.’ कट्टा आपल्याच गावाला दिसतो आणि आपल्या गावाला हा चिखल पाळण्यापासून ठाऊक आहे, हे काही मी त्यांना बोलले नाही. त्यांना समाधान वाटत होतं, वाटू दिलं. त्यांच्या मते कॉम्प्युटरवर एकदा टाकलं की ते जगभर झालं.

आणि सोमवारी दुपारी व्हायचं तेच झालं. मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, फोननं कोणालातरी ‘इकडून लवकर पोचाल’ असं सांगितलं आणि एक चकचकीत निळी गाडी आपल्या वळणावर दारांपर्यंत चिखलात रुतली. न्यू जर्सीचं जोडपं, डेस्मंड आणि त्याची बायको इव्हेट. आमच्याच वयाची माणसं. पहाटेपासून गाडी चालवत आलेली. बाबा ट्रॅक्टर काढता काढता पुटपुटत होते, ‘तीन आठवडे लिहितोय, या लोकांना वाचता येत नाही का?’ कट्टा बाहेरच्यांना दिसत नाही, हे तेव्हा तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण ट्रॅक्टर सुरू झाला होता. गाडी बाहेर निघाली खरी, पण तिच्या पोटाखाली काहीतरी लोंबत होतं. ती पुढे जाणार नव्हती.

डेस्मंड समजूतदार माणूस. म्हणाला, ‘असू दे हो, इथूनच बघू. आभाळ तर एकच आहे.’ इव्हेटनं मला विचारलं, ‘ताई, इथे किती टक्के?’ मी सांगितलं, नव्व्याण्णव. ती चिखलानं भरलेले बूट काढून आपल्या पायरीवर बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, ‘नव्वद तर आमच्या घरच्या गच्चीवरून पण दिसणार होतं.’ तक्रार नव्हती त्यात, नुसतीच दमलेली होती. बाबा तिच्याकडे बघत उभे राहिले. मग टोपी मागे सरकवून गुऱ्हाळात गेले. मी मागून गेले तर ते भट्टीतली लाकडं बाहेर ओढत होते आणि काहील करपू नये म्हणून तिच्यात थंड रस ओतत होते. म्हणाले, ‘पाहुण्यांना रॉस्कोच्या रानात सोडून लगेच परत येतो.’ वेंडेल, मी एप्रन सुद्धा सोडला नाही. त्यांचं मन बदलायच्या आत ट्रकमध्ये जाऊन बसले. पुढच्या सीटवर आम्ही चौघं, लोणच्याच्या बरणीतल्या काकड्यांसारखे.

रानात अख्खं गाव जमलं होतं. कडेला उरलेल्या बर्फावर गरम पाक ओतून प्रुडन्स सगळ्यांना देत होती, वर आंबट काकडी आणि डोनट. पाहुण्यांना उतरवून बाबांनी ट्रक वळवला, तर टटलकाका फाटकाला साखळी घालून त्याला टेकून उभे. ‘फाटक आता अंधार झाल्यावरच उघडेल, ऑरिन. गावाचा नियम आहे.’ ‘कोणी केला?’ ‘मी. आत्ता.’ बाबांनी इंजिन बंद केलं. मला तर टटलकाकांचा मुका घ्यावासा वाटला, पण त्यांची दाढी पाकानं चिकट झाली होती.

काय दिसलं ते मी तुला काय सांगणार, तू आधी पाहिलंयस. उजेड बिघडल्यासारखा झाला, जणू आजारी माणसाच्या खोलीतला. वारा पडला, गारठा आला. पलीकडच्या डोंगरांवरून सावली तळ्यावर आली आणि डबक्यांतले बेडूक संध्याकाळ झाली समजून ओरडायला लागले. बाबा अजून कागदी चष्मा लावून काळ्या काचेतून काहीच न दिसणाऱ्या आभाळाकडे बघत होते. इव्हेटनं त्यांच्या दंडाला धरून हलवलं. ‘अहो, काढा तो. आता उघड्या डोळ्यांनी बघायचं.’ त्यांनी चष्मा काढला. मग टोपी काढली. बापाच्या दफनाच्या वेळी काढली होती, तशी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मी वर कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघितलं. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाचा चेहरा इतका उघडा मी फक्त एकदा पाहिला होता, तू जन्मलास त्या सकाळी.

मग चंद्राच्या कडेला हिऱ्यासारखा ठिपका चमकला आणि उजाडलं. लोक टाळ्या वाजवत होते. टटलकाका कोपरखळी मारायच्या तयारीनं आले, बाबांचं तोंड बघितलं आणि तसेच फाटकाची साखळी काढायला गेले. घरी आल्यावर पाहुण्यांना चहा देऊन मी गुऱ्हाळात डोकावले. बाबा भट्टी पुन्हा पेटवत होते. पाठमोरेच म्हणाले, ‘हे सगळं त्यानं फोनवर सांगितलं होतं. वारा. ते कडेनं लाल होणं. सगळं.’ मी म्हटलं, ‘हो.’ ‘आणि मी काय म्हणालो.’ मी परत ‘हो’च म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? ते बराच वेळ आगीत लाकडं सारत राहिले.

निळी गाडी दोन दिवसांनी दुरुस्त झाली. जाताना इव्हेट बाबांना सांगून गेली की पुढचं पूर्ण ग्रहण दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये, स्पेनात. बाबा ‘हं’ म्हणाले. स्पेन! जो माणूस दहा मिनिटांवरच्या रानात यायला तयार नव्हता, त्याला. मी विसरूनही गेले होते. पण गुरुवारी सकाळी त्यांनी माझा चष्मा मागून घेतला, कॉम्प्युटर कसा लावतात ते विचारलं आणि एका बोटानं जेवणवेळेपर्यंत टकटक करत बसले. कट्ट्यावर जे आलं ते जसंच्या तसं लिहिते:

‘मी ऑरिन. या वेळी टाइप मीच करतोय. नव्व्याण्णव टक्के म्हणजे काहीच नाही. माझ्या मुलानं हे सात वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि मी त्याची थट्टा केली. त्याचं बरोबर होतं. पुढचं ग्रहण स्पेनात आहे. तो जाणार असेल तर बापाला बरोबर नेईल का, असं विचारायचं आहे. त्या दिवसांत गाई कोण बघेल तेही कळवावं.’

वेंडेल, गावानं काय करावं? टटलकाकांनी तिथल्या तिथे लिहिलं, ‘गाई मी बघतो. तू जा.’ एरवी त्यांना दोन ओळींत तीन टोमणे लागतात. प्रुडन्सनं पासपोर्टचा अर्ज घरी आणून दिला. दुकानात मला बायका हात धरून विचारतात, काय म्हणाला पोरगा? आणि बाबा रोज जेवताना विचारतात, ‘कट्ट्यावर आणखी कोणी लिहिलंय का?’ मी नावं वाचते, ते मान हलवतात, मग सूप गार होईपर्यंत चमचा फिरवत बसतात. ते कोणाच्या नावाची वाट बघतायत ते मला कळतं. त्यांना वाटतंय की तू वाचलंस आणि उत्तर दिलं नाहीस. रस्त्याच्या चिखलाचं झालं तेच पुन्हा झालंय, ज्यांना आधीच ठाऊक आहे त्यांनाच त्यांनी सांगितलंय. आणि आता ‘अरे, ते त्याला दिसतच नाही’ हे सांगायला माझी जीभ रेटत नाही, कारण मग ते लाजून सगळं पुसून टाकतील आणि पुन्हा सात वर्षं हवामान. म्हणून हे पत्र आज टपालात टाकतेय. पोचलं की फोन कर. मी उचलीन, पण माझ्याशी बोलू नकोस, त्यांना मागून घे. त्या दिवशी पेपर तोंडासमोर धरून मी बसेन.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई