दयारामभाऊंचा फोटो आणि तीन कार्ड रीडर

२८ सप्टेंबर २००८, सकाळी
कॅमेरा गेला. परवा दयारामभाऊंच्या वावरात बियाणं कंपनीची शिवारफेरी होती. नव्या बीटी वाणाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बघायला चार गावांचे लोक आले होते. एकशे चाळीस फोटो काढले आणि नंतर कॅमेरा ओल्या सरीत पडला. चूक माझी नाही, पट्टा आखूड होता. आता तो चालूच होत नाही. पण आतलं मेमरी कार्ड सुखरूप आहे. म्हणजे फक्त कार्ड रीडर हवा. कार्ड रीडरमध्ये घालायचं, रीडर कॉम्प्युटरला लावायचा, फोटो समोर. दोन मिनिटांचं काम.
बायको, मंजुळा, म्हणाली, कार्ड मेहकरला हबीबभाईंकडे न्या, ते काढून देतील. तिला स्टुडिओचा धंदा कळत नाही. हबीब माझ्याच डार्करूममध्ये शिकला. त्याच्या डिजिटल लॅबच्या उद्घाटनाला मी भाषण केलं होतं, की हे फॅड दोन वर्षांत बसेल. भाषण गाजलं होतं. त्याला चार वर्षं झाली.
संकल्प: घाई नाही. अभ्यास करून रीडर घेणे.

२९ सप्टेंबर
दयारामभाऊ दुकानात आले. धुतलेली टोपी घालून. विचारत होते, उकंडभाऊ, माहा फोटो निघाला का? बावन्न वर्षांत एकट्याचा फोटो कोणी काढला नाही म्हणे. एक प्रत लेकीला, रुख्मिणीला, द्यायची आहे. ती सासरी उंद्रीला असते.
त्यांना सांगितलं, परवा या. फोटो असा आला आहे की कंपनी कॅलेंडरवर छापेल. अर्थात मी तो अजून पाहिलेला नाही. उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काही दिसत नाही. पण हाताला कळतं.

१ ऑक्टोबर
मेहकरहून रीडर आणला. दुकानात पाच प्रकार होते. ज्याला सगळ्यात जास्त खाचा, तो घेतला. जास्त खाचा म्हणजे जास्त कार्डं, साधा हिशेब आहे. येताना हबीबच्या दुकानासमोरून जावं लागतं, म्हणून रस्त्याच्या पलीकडून चाललो.
घरी लावला. कॉम्प्युटर म्हणाला, ड्रायव्हर द्या. ड्रायव्हर सीडीवर. सीडीचा ट्रे पोळ्यापासून उघडत नाही.
निष्कर्ष: रीडर खराब.

२ ऑक्टोबर
दयारामभाऊ आले. म्हणालो, डिजिटलमध्ये प्रोसेस असते, वेळ लागतो. म्हणाले, लागू द्या भाऊ, मलेबी फवारणी उरकायची हाय. बाहेर ओट्यावर थोडा वेळ बसले. चहा विचारायचा राहून गेला, मी खाचा मोजत होतो.

३ ऑक्टोबर
दुसरा रीडर. दुकानदाराने विचारलं, विंडोज कोणती? मी म्हणालो, लेटेस्ट. ती अठ्ठ्याण्णवची आहे, पण सगळ्यांसमोर तसं सांगणं बरं दिसत नाही. त्याने लेटेस्टला चालणारा दिला.
चालला नाही. आजकाल दुकानदार नीट ऐकून घेत नाहीत.

५ ऑक्टोबर
दयारामभाऊ गेले.
काल दुपारी फवारणी करत होते. पंप पाठीवरच होता. चक्कर आली, उलट्या झाल्या. मेहकरला नेताना गाडीतच गेले.
दुकान उघडलं नाही.

७ ऑक्टोबर
सत्यभामाबाईंनी, म्हणजे दयारामभाऊंच्या मंडळींनी, बोलावून घेतलं. माणसं बसलेली होती. तेरवीला ठेवायला फोटो नाही. मतदार कार्डावरचा दाखवला, नुसता काळा ठिपका, कोणाचाही म्हणून खपेल. त्या म्हणाल्या, तुम्ही वावरात काढला होता ना त्यायचा, थो द्या. रोज म्हनत होते, माहा फोटो निघाला म्हनून.
रुख्मिणी भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली.
मी सगळ्यांसमोर शब्द दिला. तेरवी सोळाला. मोठा करून, लाकडी फ्रेममध्ये. नऊ दिवस हातात आहेत. नऊ दिवसांत माणूस लॅब उभी करतो.

९ ऑक्टोबर, दसरा
कॉम्प्युटरची पूजा केली, झेंडूचा हार घातला. तिसरा रीडर आणला आहे. लेकीच्या, प्राचीच्या, कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी ड्रायव्हर फ्लॉपीवर आणून दिला. फ्लॉपी चालली! रीडरचा हिरवा दिवा लागला! मंजुळाला हाक मारून दाखवला.
कार्ड घातलं. कार्ड दिसत नाही. सरांनी उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, काका, हा रीडर जुना, दोन जीबीपर्यंतचंच कार्ड वाचतो, तुमचं चार जीबीचं. घेताना कार्ड सोबत नेलं नव्हतं का?
नेलं नव्हतं. इतकं लहान कार्ड, हरवलं असतं.

१२ ऑक्टोबर
लोडशेडिंग. सकाळी सहा तास नाही, दुपारी आली आणि गेली. फोटोला उशीर होण्याचं खरं कारण हेच आहे. सत्यभामाबाईंच्या दिराला तसं समजावलं. तो म्हणाला, ते ठीक हाय, पन चारच दिवस राह्यले.
मंजुळा आज हबीबचं नाव घेऊन काही बोलली नाही. तिने नुसतं कार्ड उचलून एसटीच्या वेळापत्रकावर ठेवलं. हा काय बोलण्याचा प्रकार झाला?

१३ ऑक्टोबर
विचारांती चूक सापडली. आपण रीडर घरी आणून कॉम्प्युटरला लावतो, तो लागत नाही. खरं तर कॉम्प्युटर दुकानात न्यायला हवा. पाय घरी ठेवून चप्पल घ्यायला गेलं, तर ती लागणार कशी?
उद्या कॉम्प्युटर मेहकरला.

१४ ऑक्टोबर
सकाळच्या एसटीने निघालो. मॉनिटर गोधडीत, सीपीयू तुरीच्या पोत्यात. कंडक्टरने सामानाचं वेगळं तिकीट फाडलं. एका बाईने पोत्याला हात लावून विचारलं, कोंबड्या हायेत का?
रीडरचं दुकान बंद. पोतं घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. घड्याळात साडेअकरा. तेरवी परवा. पलीकडे हबीबचं दुकान उघडं होतं.
गेलो.
त्याने पोतं उतरवून घेतलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. भाषणाचा विषय काढला नाही. सगळं ऐकल्यावर हळूच म्हणाला, उस्ताद, नुसतं कार्ड आणलं असतं तरी झालं असतं ना. त्याने कार्ड त्याच्या मशीनला लावलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. एकशे चाळीस फोटो.
आज पुढचं लिहवत नाही.

१५ ऑक्टोबर
लिहितो.
एकशे चाळीसपैकी पंच्याण्णव कंपनीच्या साहेबांचे. बाकी पाटी, मांडव, जेवणाच्या पंगती. दयारामभाऊ चार फोटोंत. तिनांत पाठमोरे, साहेबांच्या मागून चालताना.
चौथा तो एकट्याचा. मला आठवलं. साहेब म्हणाले होते, पऱ्हाटी माणसापेक्षा उंच दिसली पाहिजे. ती दयारामभाऊंच्या छातीला लागत होती. मग मी म्हणालो, भाऊ, बसा. ते उकिडवे बसले. म्हणालो, अजून खाली. अजून बसले. म्हणालो, फांदी पुढे धरा, बोंडं दिसू द्या. त्यांनी धरली. मी बोंडांवर फोकस केला.
फोटोत पऱ्हाटी दिसते, डोक्याच्या वर गेलेली, पाना-बोंडांनी लगडलेली. फांदी धरलेला हात दिसतो. टोपीचं टोक दिसतं. तोंडावर पान आलं आहे.
हबीबने खूप वेळ प्रयत्न केला. म्हणाला, उस्ताद, जे निघालंच नाही ते मी कुठून आणू? सत्यभामाबाईंनी सोबत दिलेल्या मतदार कार्डावरचा मोठा करून पाहिला, नुसते ठिपके झाले. दोन्ही फोटो फ्रेम करून दिले.

१६ ऑक्टोबर
तेरवी झाली.
मांडवात खुर्चीवर पांढरं कापड टाकलेलं होतं, हार आणून ठेवला होता. मी दोन्ही फ्रेम सत्यभामाबाईंच्या हातात दिल्या. ठिपक्यांचा त्यांनी बाजूला ठेवला. दुसरा पाहत राहिल्या. तोंडावरचं पान बाजूला सारावं तसं काचेवरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा.
तोंड कुठी हाय यायचं, म्हणाल्या.
मी सांगितलं. मीच बसवलं म्हणून सांगितलं. साहेबांचं नाव तोंडापर्यंत आलं होतं, ते घेतलं नाही.
त्या म्हणाल्या, हाव, घरी येऊन सांगत होते. उकंडभाऊनं लय वेळ बसवलं, पाय भरून आले, पन फोटो चांगला निघाला असन.
रुख्मिणी उठली आणि आत गेली.
ठेवण्याजोगा दुसरा फोटो नव्हता. तोच खुर्चीवर ठेवला आणि पऱ्हाटीला हार घातला. एकेक माणूस पुढे येऊन पाया पडत होता. मीही पडलो.