गहाण पडलेला देव

रविवार, ४ फेब्रुवारी १९९६. बारामती

सकाळी देव धुताना खंडोबाचा तो दुसरा टाक हातात आला आणि हळद लावायला बोट उचलेना. तो आमचा नाहीच. गेल्या शतकातल्या दुष्काळात आमच्या खापरपणजोबांनी सख्ख्या धाकट्या भावाला तीन पोती ज्वारी उसनी दिली आणि त्याच्या देव्हाऱ्यातला हा चांदीचा टाक गहाण ठेवून घेतला. ज्वारी परत आली नाही. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांकडचं पाणीसुद्धा पीत नाहीत. वडिलांनी जाताना माझा हात धरून शब्द घेतला, ज्वारी आल्याशिवाय टाक द्यायचा नाही. दुसऱ्याचा देव कोंडून ठेवून मी रोज कसली पूजा करतो? पण वडिलांना दिलेला शब्द...

त्या घरातल्या तात्यांना मागे बाजारात म्हटलं होतं, नवा टाक घडवून घ्या. म्हणाले, "आमचा देव गहाण हाय, मेला न्हाय."

दुपारी एसटीने कळंबला गेलो. तात्या दारातच म्हणाले, "काय आबा, इतकी वर्सं आमच्या देवाला जेवू घातलं, त्याचं बिल आणलं का काय?"

मला हसू आलं नाही. ज्वारीचं नाव न काढता टाक त्यांच्या हातात ठेवला आणि वडिलांचा शब्द मोडला.