भावोजींची नक्कल

शुक्रवार, दि. ७
जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे. पिल्लूचा ताप उतरला, सासूबाईंचे गुडघे आहेत तसेच कुरकुरतायत. तू म्हणशील, फोन असताना पत्र कसलं लिहितेस! फोन कंपनीचा आहे गं. ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा कॉलेजनं त्यात काहीतरी घालून दिलंय, आमची प्रगती बघायला. आणखी काय काय बघतात, देव जाणे. म्हणून हा कागद, तुझ्या शेजारच्या शिंपीणबाईंच्या हाती.

कॉलेजला नावं ठेवायला जागा नाही हं. मार्गदर्शक बाई दर आठवड्याला फोन करतात, पिल्लूचा ताप विचारतात, नेट गेलं तर धडा पुन्हा पाठवतात. मी एकदा कंटाळून सोडते म्हणाले, तर किती वेळ समजूत घालत बसल्या. नेतृत्व शिकतेय तुझी बहीण! गोदामातली पाळीप्रमुख, आणि थाट बघ.

तिथे जोड्या लावून सराव असतो. एकीनं साहेब व्हायचं, दुसरीनं कामगार, आणि अवघड बोलणं बोलून दाखवायचं. बाई म्हणाल्या, कामगार ओळखीचा निवडा, म्हणजे खरा वाटेल. मला तर नकलांचा किडा लहानपणापासून. मी भावोजी केले, माझ्याच पाळीतले म्हणून. नाव नाही घेतलं, शपथ! पण ते खाकरणं, "अहो, होतंय की!" म्हणत हात झटकणं, सगळं हुबेहूब. पडद्यावर सगळे पोट धरून हसत होते. मला चेव चढला. माल उचलायची गाडी चालवताना भावोजी डावीकडे आख्खी मान वळवून बघतात ना, तेही केलं. बाई हसता हसता थांबल्या. "ते असं का बघतात?" मी बोलून गेले, डाव्या डोळ्यानं दिसत नाही त्यांना.

ताई, तुला ठाऊक होतं का? मलाही कुणी सांगितलं नव्हतं, रोज बघून कळलं.

फी कंपनी भरते, म्हणून सरावाचं चित्रण कंपनीकडे जातं. हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण कुणाच्या ध्यानात राहतंय! काल मोठ्या साहेबांनी बोलावलं. फार गोड बोलले. म्हणाले, तुमचा शेवटचा सराव खराखुरा करू. सोमवारी भावोजींना खोलीत बसवून मीच सांगायचं, उद्यापासून येऊ नका. बाई पडद्यावरून बघणार, गुण देणार. मी नाही म्हणाले. तर म्हणाले, मग दुसरं कुणी सांगेल, आणि तुमची पाळीही दुसरं कुणी सांभाळेल. संध्याकाळी बाईंचा फोन, "घाबरू नका, मी आहे ना सोबत."

साहेबांचा संताप येतो, पण अपघात होईल म्हणतात, ते काही खोटं नाही. परवा भावोजींची गाडी पॅकिंगवाल्या पोरीच्या पायाशी येऊन थांबली, डाव्या बाजूला. ती हसली, तेही हसले.

आता एकच वाट आहे. भावोजींनी आपणहून जाऊन डोळ्याचं सांगितलं, तर नियमाप्रमाणे बैठं काम द्यावं लागतं. नाहीतर सोमवारी लपवलं म्हणून ठपका ठेवतील आणि काढतील. उद्या दुपारपर्यंत ऑफिस उघडं आहे. ते चिडतील, पुढचं ताट सारतील, माझं तोंड बघणार नाही म्हणतील. म्हणू देत. तू हाताला धरून ने त्यांना.

नाहीच गेले, तर सोमवारी मी बोलणार आहे, ताई. त्या पोरीचे पाय डोळ्यांसमोरून हलत नाहीत, आणि नोकरी मलाही हवीय. यातलं जास्त कुठलं, ते विचारू नकोस. बाईंनी माझ्याकडून वाक्यं घोकून घेतलीत. आधी कामाचं भरभरून कौतुक करायचं, मग जरा थांबायचं, मग सांगायचं. मी कौतुक करायला लागले की भावोजींना वाटेल, मेहुणी आज खुशीत आहे. ते हसतील गं.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
धाकटी