अप्पांच्या शेजारची जागा

कुंभकोणम्

प्रिय अप्पा,

काल पाद्रीसाहेब पुन्हा येऊन गेले. तुमच्या थडग्यावरचा दगड तयार आहे, अडलंय ते आईच्या उत्तरावर. ईस्टरच्या आत तिने बाप्तिस्मा घेतला तर तुमच्या शेजारची जागा तिची. नाहीतर विठ्ठलाला फुलं वाहणाऱ्या बाईला चर्चच्या दफनभूमीत पुरता येत नाही म्हणे. आईने आज सकाळी उत्तर दिलं. पाद्र्यांच्या आधी ते तुम्हांला कळावं, म्हणून लिहायला बसले.

दगडावर तमिळमध्ये काय कोरलंय, सांगू? ‘कुटुंबाला आणि चर्चला वाहिलेला सैनिक.’

चर्चचं खरंच आहे. मेसोपोटेमियाच्या लढाईवरून तुम्ही ख्रिस्ती होऊन परतलात, तेव्हापासून घंटेचा दोर तुमच्या हातात. पावसाळ्याआधी कौलं चाळायला म्हातारपणीही तुम्हीच वर चढायचात. इंग्रज गेले तरी दर नाताळला पदकं लावून पहिल्या बाकावर ताठ बसायचात. आणि कुटुंब? मी तुमच्या मांडीला मांडी लावून आत, नि आई बाहेर तिन्नैवर, दाराशेजारच्या त्या ओट्यावर! बाप्तिस्मा नसलेल्याने उंबरा ओलांडायचा नाही, ही तिथल्या वडीलधाऱ्यांची रीत. तरी ती दर रविवारी यायची. का? तर तुम्हांला एकटं कसं पाठवायचं!

कापणीच्या सणाला चर्चची पंगत बसायची. डांगर पच्चडी मात्र आईच्याच हातची हवी. उडदाचं पीठ ती घरी भाजायची, दही विरजायची, भांडं डोक्यावर घेऊन यायची. पच्चडी आत जायची, बाई बाहेर राहायची. तुम्ही बोटं चाटत जेवायचात. घास कसा उतरायचा हो घशाखाली?

तिच्या माहेरी तरी कुठे थारा होता! नवरा किरिस्तांव झाला, तू निघून ये, म्हणून पट्टीश्वरमहून तिचे भाऊ आले होते. ती गेली नाही. मग मठातल्या भजनाचं दारही तिला बंद झालं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो असा. तुमच्यासाठी तिने भजन सोडलं. तुम्ही तिच्यासाठी काय सोडलंत, अप्पा? पहिला बाक तरी सोडून कधी तिन्नैवर येऊन बसलात का?

हेही लिहायला हवं, नाहीतर खोटं होईल. घरात तुम्ही तिला फुलासारखं जपलंत. तिच्या विठ्ठलाच्या दिव्याचं तेल तुम्हीच आणायचात. तिला ताप आला की पेज तुम्ही करायचात. ‘मी तिला देव बदल म्हणून कधी सांगितलं नाही’ हे तुम्ही चारचौघांत मोठ्या अभिमानानं बोलायचात. पण ‘ती माझी बायको आहे, तिला आत बसू द्या,’ हे एक वाक्य? गोऱ्या कप्तानाला तोंडावर सुनावल्याच्या गोष्टी आम्हांला किती रंगवून सांगितल्यात! त्या वडीलधाऱ्यांपुढे मात्र मूग गिळून बसलात. राग येतो, अप्पा. तुम्ही गेल्यावर तर जास्तच येतो, कारण आता भांडायचं कुणाशी?

पाद्रीसाहेब भले माणूस आहेत, नवे आहेत. त्यांनी आईला मऊ शब्दांत समजावलं. धडे पाठ करायला नकोत, वय झालंय. फक्त पाणी घ्यायचं आणि नवं नाव. मेरी चालेल, म्हणाले. दगडावर तुमच्या नावाखाली तेच कोरायचं.

आज आई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “पोरी, त्यांस सांग, मजला नको.”

मी म्हटलं, “आई, अप्पांजवळ राहायचं नाही तुला?”

“राहायचं होतं गो. अवघा जन्म तेवढंच मागितलं.” तिने सूप पुन्हा हाती घेतलं. “पण तिथं रखुमा कुठं जाते? मेरी जाते. तुझ्या अप्पांस विचार पडेल, ही कोण परकी बाई येऊन निजली शेजारी!”

आणि अप्पा, ती हसली. मला मात्र हसू आलं नाही. एवढा संसार करून तिला तुमच्याजवळ स्वतःच्या नावानं चार हात जमीन मिळू नये? तुम्ही हयात असताना एक शब्द टाकला असतात, तर मिळाली असती. तुमचा शब्द तिथे कुणी मोडला नसता. म्हणून तर जास्त जळतं.

उद्या पाद्र्यांना मी ‘नाही’ कळवणार आहे. तुम्हांला मुलगा नाही. वेळ येईल तेव्हा आईचे भाऊ येवोत न येवोत, कावेरीकाठी तिला आग मी देईन. चर्चने मग माझं नाव काढून टाकलं तरी चालेल. तिची रक्षा रखुमाची म्हणूनच पाण्यात जाईल. हे तुम्हांला माझं वचन.

तुमच्या थडग्यावर फुलं ठेवायला मी येत राहीन, तेही वचन. पण शेजारी कुणी येणार नाही. मीही नाही. आता तुम्ही एकटं राहून बघा, अप्पा.

तुमचीच, आणि अजून रागावलेली,
एस्तेर