तीन मिनिटांची साक्ष

ब्रॉन्क्स, मंगळवार दुपार

प्रिय यानी,

रविवारी तू ठेवून गेलेला कागद समोर घेऊन बसलोय. आईने दोनदा मोठ्याने वाचून घेतला माझ्याकडून. घड्याळ हातात धरून उभी होती, भात शिजवताना राहते तशीच. दोन मिनिटं पन्नास सेकंद. म्हणजे तुझ्या त्या विधानसभेच्या समितीसमोर दहा सेकंद उरतील, त्यात पाणी पिऊन घ्या म्हणाली. पण दोन्ही वेळा एकाच ओळीवर मी अडखळलो. “मी फक्त भाडं सांगितलं आणि त्याने मला मारलं.” तुला रविवारीही ते दिसलं होतं. तू हसलीस आणि म्हणालीस, “पप्पा, साठ माणसं पाठीवर घेऊन फोर्डहॅम रोडवरून बस काढता, आणि पाच आमदारांना घाबरता?” मीही हसलो. मी आमदारांना घाबरत नाही, बाळा.

त्या दिवशी राधामेस मामाने जेवणाच्या ताटावर जो गोंधळ घातला, त्याबद्दल त्याला माफ कर. तो वाईट माणूस नाही, नळकाम करणारा माणूस आहे. “खाली मॅनहॅटनमध्ये व्हॅन नेली की टोल! मग मी काय कमोड खांद्यावर घेऊन सबवेने जाऊ?” असं तो ओरडला तेव्हा तू शांतपणे सांगत होतीस, की टोल येणारच आहे, म्हणूनच त्याच्याबरोबर बसचे पैसे मंजूर व्हायला हवेत, जास्त गाड्या आणि फुकट प्रवास, म्हणजे ज्याला गाडी सोडता येईल तो सोडेल आणि मामाच्या व्हॅनला रस्ता मोकळा मिळेल. तो म्हणाला, “आधी बस दाखव, मग टोल माग.” आणि तू टाळी देऊन म्हणालीस, “मामा, हेच तर आमच्या विधेयकात आहे!” त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तळलेल्या सलामीचा तुकडा हातातच राहिला. मला तुझा इतका अभिमान वाटला, की मी उठून स्वयंपाकघरात गेलो. तुम्हाला वाटलं, कॉफी आणायला गेलो.

तुझं म्हणणं खरं आहे, हे मी वर्षभर रोज आठ तास पाहिलंय. वर्षभराच्या प्रयोगासाठी आमचा मार्ग फुकट झाला त्या दिवशी डेपोतल्या माणसाने भाड्याच्या पेटीवर काळी पिशवी चढवून पट्टीने घट्ट बांधली. सव्वीस वर्षं ती पेटी माझ्या उजव्या कोपराशी होती. ती झाकली आणि पहिल्या आठवड्यातच माझा खांदा दुखायचा थांबला. लोक चढतात, मी गुड मॉर्निंग म्हणतो, तेही म्हणतात. कुणी खिसे चाचपत दारात उभं राहत नाही, मागची रांग शिव्या देत नाही. वर्षभरात माझ्यावर कुणी थुंकलं नाही. हे सगळं मी गुरुवारी सांगेन. पण महिनाअखेरीस हे वर्ष संपतंय आणि पिशव्या निघणार आहेत, आणि त्याच्याशी जोडलेली एक गोष्ट तुझ्या कागदात नाही. कारण ती तुला माहीत नाही.

मार्च महिन्यापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई माझ्या बसमध्ये चढतात. पंच्याहत्तरीच्या असतील. डायलिसिसला जातात. पुढच्या दाराजवळच्या पहिल्याच सीटवर बसतात, तोंड माझ्याकडे करून. पहिल्या दिवशी आरशात त्यांना पाहिलं आणि लगेच ओळखलं. त्यांचं नाव एल्पिडिया, सगळे मानाने दोन्या एल्पिडिया म्हणतात. विल्किनची आई. हो, तोच विल्किन. ज्याने माझ्या डोळ्याखालचं हाड मोडलं, तो.

पाच महिने त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दर वेळी चढायच्या, बसायच्या, बघायच्या. मी मार्ग बदलून मागावा असं शंभरदा मनात आलं. सीनियॉरिटी होती, मिळालाही असता. नाही मागितला. का, ते मलाही सांगता येत नाही. मग या महिन्याच्या सुरुवातीला, थर्ड अव्हेन्यूच्या अलीकडे, त्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, “ड्रायव्हर, पहिल्या तारखेपासून ती पेटी पुन्हा उघडणार म्हणे.” मी स्पॅनिशमध्येच म्हणालो, “तसं ऐकतोय, दोन्या.” त्या म्हणाल्या, “अस्सं. म्हणजे तुला स्पॅनिश येतं तर.” त्या पुढे म्हणाल्या, “मग माझा हात मी कुठे ठेवू, ते आत्ताच सांगून ठेव. या वयात पुन्हा चुकायला नको.” मी स्टॉप न घेताच पुढे गेलो. मागून लोक ओरडले, “अरे ए, झोपलास काय!” बस थांबवली, दार उघडलं, आणि पुढचे चार स्टॉप मला काही दिसत नव्हतं.

आता ऐक. त्या फेब्रुवारीत, सात वर्षांपूर्वी, रस्त्यावर काळा चिखलबर्फ होता. मी चाळीस मिनिटं उशिरा होतो, निरीक्षकाने भर चौकात माझी खरडपट्टी काढली होती, आणि त्याच फेरीत दोघंजण पैसे न देता माझ्याकडे बघत आत गेले होते. तिसऱ्या स्टॉपवर दोन्या एल्पिडिया चढल्या. त्यांच्या कार्डात पैसे नव्हते. त्या आपल्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, “बाळा, दवाखान्यातून येतेय, घरी जाऊ दे.” नियम तुला माहीत आहे. भाडं एकदा सांगायचं, वाद घालायचा नाही, माणूस आत आला तर येऊ द्यायचा. मी इंग्रजीत म्हणालो, “दोन पंचाहत्तर, नाहीतर खाली उतरा.” त्यांना समजलं नाही, की समजूनही विश्वास बसला नाही. त्या पुन्हा स्पॅनिशमध्ये बोलल्या. मी पुन्हा इंग्रजीत. यानी, त्यांच्या बोलण्यात माझ्या आईचं गाव होतं, आणि मी परक्यासारखा बघत राहिलो. त्या पायरीवरून एक पाऊल मागे गेल्या, एक हात दांड्यावर होता. मी दार लावलं. हात दिसत होता मला. तरी लावलं. आता डायलिसिसच्या सुया टोचतात, तोच हात कोपरापर्यंत दारात अडकला. किंकाळी ऐकून मी दार उघडलं, त्या मागे चिखलात पडल्या, आणि विल्किन, जो मागून त्यांची पिशवी घेऊन येत होता, तो त्यांच्या हातून पडलेली काठी उचलून आत आला. दोनदा मारलं त्याने. पुढचं तुला माहीत आहे.

रुग्णवाहिकेत पोलिसाने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, “मी फक्त भाडं सांगितलं.” तोंडात रक्त होतं, जेवढं सुचलं तेवढं बोललो, असं मी पुढे स्वतःला समजावत आलो. पण ते वाक्य लिहिलं गेलं, आणि एकदा लिहिलं गेल्यावर ते माझ्यापेक्षा मोठं झालं. हल्ला झालेला ड्रायव्हर म्हणून डेपोत माझा फोटो लागला. कोर्टात वकिलाने विचारलं, दाराला हात लावलात का, मी म्हणालो, नाही. त्या जुन्या बसमध्ये कॅमेरा नव्हता. दोन्या एल्पिडियाने तिथे उभं राहून सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि सरकारी वकील म्हणाले, आई आहे, मुलासाठी खोटं बोलणारच. विल्किनला पाच वर्षं झाली, चार भोगली. आणि तू सोळा वर्षांची होतीस. कॉलेजच्या अर्जात तू माझ्यावर निबंध लिहिलास. त्या निबंधावर तुला शिष्यवृत्ती मिळाली, त्यातून तू इथवर आलीस, आणि आज तू त्याच माणसासाठी कायदा लिहितेयस जो त्या निबंधात होता. दरवर्षी वाटायचं, आता सांगावं. दरवर्षी तू अजून एक पायरी वर चढलेली असायचीस.

गेल्या बुधवारी सुट्टी होती. आईला सांगितलं, टायर बघायला जातो, आणि दुपारी त्यांच्या घरी गेलो. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार विल्किननेच उघडलं. माझ्यापेक्षा डोकंभर उंच, पण खांदे वाकलेत. बाजारात फळांच्या पेट्या उतरवतो. रेकॉर्ड असलेल्याला दुसरं कोण घेणार? मला पाहून म्हणाला, “या, हिरो.” मी उंबऱ्यातच उभा राहिलो. मागून दोन्या म्हणाल्या, “आत घे त्याला, जिन्यात तमाशा नको.” मी बसलो नाही. जे तुला वर लिहिलं, तेच त्यांच्यासमोर बोललो. तो भिंतीला टेकून ऐकत होता आणि त्याच्या मुठींची उघडमीट चालली होती. मला वाटलं, आता मारेल. खरं सांगतो, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “मी मारलं. ते मी कधी नाकारलं नाही, त्याची शिक्षा मला मिळाली. पण माझ्या आईला भरल्या कोर्टात खोटारडी म्हणाले आणि तू समोर बसून होतास.” मग दोन्या म्हणाल्या, “इथे बोललास ते ठीक. पण मला जिथे खोटी ठरवलं, तिथे बोल.”

आज सकाळी रजा टाकून मी वकिलाकडे जाऊन जबाब लिहून दिला आणि सही केली. उद्या तो कोर्टात दाखल होईल. वकील म्हणाला, यात तुमची नोकरी जाऊ शकते, पेन्शनला चौदा महिने उरलेत, आणि खोट्या साक्षीचा खटला होणारच नाही असं मी सांगू शकत नाही. युनियनचे लोक तोंड फिरवतील. आईला आज संध्याकाळी सांगतोय, आणि तिच्यासाठी माझ्याकडे अजून वाक्य तयार नाही.

गुरुवारी मी तुझा कागद वाचणार नाही. मी सांगणार आहे, की टोलचा पैसा बसला द्या आणि ती पेटी झाकलेलीच ठेवा. कारण ती उघडी असते तेव्हा माझ्यासारख्या साध्या माणसालाही दर स्टॉपवर न्यायाधीश करून बसवतात, आणि एका दुपारी तो न्यायाधीश म्हाताऱ्या बाईच्या हातावर दार लावतो. टोलच्या विरोधातले लोक यावर तुटून पडतील, हे मला कळतं. तू ज्यांच्याकडे काम करतेस त्या आमदारबाईंना त्रास होईल. तुलाही. म्हणून उद्या संध्याकाळपर्यंत यादीतून माझं नाव काढायचं असेल तर काढ. मी रागावणार नाही, मागे खुर्चीत बसेन. दोन्या एल्पिडिया येणार आहेत. गुरुवारचं डायलिसिस त्यांनी उद्यावर घेतलंय.

आज रात्री हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवण्यापेक्षा फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा गप्प बसलो असतो. आणि गुरुवारी भर सभेत, माईकवरून, तुला हे पहिल्यांदा कळावं असं मला नको होतं. शिवाय तुझं एक उत्तर माझ्याकडे राहिलंय. हॉस्पिटलमध्ये माझ्या डोळ्यावर पट्टी होती, तू माझा हात धरून बसली होतीस, आणि तू हळूच विचारलंस, “पप्पा, तुम्ही काहीच केलं नव्हतंत ना?” मी मान हलवली, नाही म्हणून. केलं होतं, यानी. मी दार लावलं होतं.

तुझाच,
पप्पा